‘की’ मोजणारे अण्णा

आमच्या कारखान्याच्या गेटवर बिराजदार अण्णा बोटात जपाचं मशीन अडकवून बसतात. अंगठीसारखं असतं ते. बटण दाबलं की आकडा एकानं पुढे सरकतो. अक्कलकोटला देवळाबाहेर ढिगानं मिळतं. सकाळी पावणेआठला माणसं आत यायला लागली की अण्णांचा अंगठा सुरू होतो, आणि नवीन लागलेला प्रत्येक जण पहिले चार दिवस त्यांना मोठे नामधारक समजतो. गेल्या वर्षी आलेल्या वायरमननं तर येता-जाता त्यांच्या पायाला हात लावायला सुरुवात केली. आठवडाभर अण्णांनी सोसलं. मग त्याला थांबवून म्हणाले, "बाबा, मी देवाचं नाव नाही मोजत. तू आत्ता वॉचमनला ‘सरका की’ म्हणालास, ती मोजली."

तर अण्णा ‘की’ मोजतात. व्याकरणाच्या पुस्तकातली नव्हे. ‘तो म्हणाला की’ मधली ‘की’ ते धरतच नाहीत. आम्ही सोलापूरची माणसं वाक्य संपलं की त्याच्या शेपटाला जी लावतो, ती. ‘ये की’, ‘बस की’, ‘झालं की’, ‘सांगितलं की तुला’. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं, आम्ही सारखं काहीतरी विचारतोय. आम्ही काहीही विचारत नसतो. नुसतं ‘बस’ म्हटलं तर कुत्र्याला सांगितल्यासारखं वाटतं, एवढंच.

मी या टॉवेलच्या कारखान्यात एचआरला आहे. एचआर म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि एक कूलर, जो फक्त आवाज करतो. अण्णा टाइमकीपर. हजेरी अंगठ्याच्या मशीनवर गेली तेव्हा त्यांचं काम खरं तर संपलं, पण जुन्या मालकांनी त्यांना गेटच्या खोलीतून उठवलं नाही. "माझ्या हुद्द्यातच ‘की’ आहे. टाइम-‘की’-पर," असं ते वर्षातून चारदा तरी सांगतात आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखे हसतात. पांढरा पायजमा, खिशाला निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं, काखेत जुन्या हजेरीपटाचं लांबडं रजिस्टर. डोकं तेलानं इतकं चापून बसवलेलं, की पंख्याखाली उभे राहिले तरी एक केस हलत नाही.

त्यांचा सिद्धान्त असा. माणूस रुसला, घाबरला किंवा आतून खचला, तरी तोंडानं तो सगळं व्यवस्थितच बोलतो. उलट जास्तच व्यवस्थित बोलतो. पण सगळ्यात आधी त्याची ‘की’ जाते. काल ‘येतो की’ म्हणणारा आज नुसतं ‘येतो’ म्हणाला, की अण्णा कान टवकारतात. "की गळाली," असं स्वतःशीच पुटपुटतात, नळाचा वायसर गेला असं सांगावं तसं, आणि लाल पेन काढतात.

रजिस्टरात खात्यांचे रकाने आहेत: माग, शिलाई, पॅकिंग, ऑफिस, गेट. दिवसातून तीन फेऱ्या, प्रत्येक खात्यात दहा मिनिटं. फेरीत चेहरा असा, जणू छताची गळती बघायला आलेत. अंगठा मात्र खिशात चालू. संध्याकाळी आकडे चढतात. निळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे कालच्यापेक्षा बरं, लाल म्हणजे गळाली. शेवटी एक अरुंद रकाना आहे. त्याला नाव नाही आणि त्यात वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. मी एकदा विचारलं, हे कुठलं खातं? अण्णांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "आहे एक." मी समजले, जनरेटरची खोली असणार. तिथं कुणी बसत नाही.

नुसतं मोजून अण्णा थांबत नाहीत. "मोजलं तर उठून जावं लागतं," असं त्यांचं म्हणणं. उपाय मात्र एकच, आणि तो सगळ्यांना सारखा. ज्याची की गळाली त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "आज भाजी काय?"

गेल्या उन्हाळ्यात माझं आणि नवऱ्याचं वाजलं होतं. मी कारखान्यात कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. सकाळी गेटवर अण्णांनी विचारलं, "टपाल तुमच्या टेबलावर ठेवू?" आणि मी म्हणाले, "ठेवा." बस, एवढंच. दहा मिनिटांत अण्णा माझ्यापुढे.

"आज भाजी काय?"

"मेथी."

"निवडलेली मिळाली का जुडी आणली?"

"जुडी."

"मग निवडली कुणी?"

आणि तिथं माझा बांध फुटला, कारण भांडण नेमकं त्या जुडीवरूनच झालं होतं. अर्धा तास मी मेथी, नवरा, सासूबाई आणि माहेर असा सगळा फेरा मारला. अण्णा मान हलवत होते. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या दोडका करा. निवडायला लागत नाही." मला त्यांचा संतापही आला आणि हसूही आवरेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या रकान्यात हिरवा आकडा होता.

या वेडाचं मूळ त्यांच्या मराठीत आहे. अण्णा मैंदर्गीचे, घरात सगळं कानडी. अजूनही मनातल्या मनात आकडे मोजतात ते कानडीतच. विशीत कामाला सोलापुरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, "बसा की." अण्णांना वाटलं, बसणार का असं विचारतोय. भिडस्त स्वभाव, म्हणाले, "नको." मुकादम म्हणाला, "अहो, बसा की." अण्णा म्हणाले, "खरंच नको." असे दुपारपर्यंत उभे.

मोडनिंबला मुलगी बघायला गेले त्या दिवसाची गोष्ट तर अख्ख्या कारखान्याला पाठ आहे. मुलीच्या आईनं पोहे पुढे केले, "घ्या की." अण्णांनी पोहे संपवले. लाडू आला, "घ्या की." लाडू संपवला. मग चहा, मग पान, आणि प्रत्येकाबरोबर "घ्या की". शेवटी अण्णांनी रिकामी ताटली नीट तपासली आणि अदबीनं म्हणाले, "सगळं मिळालं. ती ‘की’ तेवढी राहिली." आणि आतल्या खोलीतून मुलगी इतक्या जोरात हसली, की तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. त्याच हसण्यावर अण्णांनी होकार दिला. "नंतर तिनंच शिकवलं मला," ते सांगतात. "नुसता शब्द सांगितला तर काम होतं. की लावली तर माणूस जवळ येतो."

यंदा जुन्या मालकांचे चिरंजीव विनय सर कारभार बघायला लागले. मोठ्या शहरात शिकून आलेत, मनानं चांगले आहेत, फक्त फार घाईत असतात. एक दिवस त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, आता आपल्याला कंपनीचं कल्चर सुधारायचं आहे. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की कल्चरल प्रोग्राम होणार, आणि पॅकिंगच्या बायकांनी गोडाऊनमागं नाच बसवायला घेतला. तो नाच थांबवायला मला जावं लागलं, आणि मग निम्मा बघूनच परत आले.

पुण्याहून ईशा मॅडम आल्या. लॅपटॉप, पाठीवर सॅक, वयानं लहान पण हुशार. त्यांचं म्हणणं, माणसं फॉर्मवर खरं लिहीत नाहीत, त्यांचं रोजचं वागणं बघायला हवं. म्हणून गेटवर एक टॅबलेट बसवला, त्यावर तीन तोंडं: हिरवं हसरं, पिवळं गप्प, लाल रागीट. जाताना आपला दिवस कसा गेला त्या तोंडाला बोट लावायचं. शिवाय प्रत्येक खात्याचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्या यंत्राला वाचायला द्यायचा. त्यासाठी संमतीच्या सह्या मीच गोळा केल्या, आणि कुणीही काय लिहिलंय ते वाचलं नाही, हेही मला दिसत होतं. 

पॅकिंगच्या बायका रोज झाडून सगळ्या लाल तोंड दाबायच्या. मी त्यांच्यातल्या रजियाआपांना विचारलं, एवढं काय वाईट चाललंय? त्या म्हणाल्या, "वाईट काय न्हाय गं. ते लाल तोंड शिलाईच्या जाधव सायबासारखं दिसतंय की! त्याच्या नाकावर बोट दाबलं की लई बरं वाटतंय." जाधव हे शिलाईचे नवे सुपरवायझर. शिलाईच्या बायका रोज हिरवं दाबायच्या, कारण जाधव टॅबलेटपाशीच उभे असायचे.

महिन्याभरानं अहवाल आला. विनय सरांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवले. सगळ्यात उंच खांब शिलाईचा: सौजन्य उत्तम. सगळ्यात बुटका पॅकिंगचा. पॅकिंगच्या ग्रुपमध्ये यंत्राला ‘मेलीस का’, ‘मुडद्या’, ‘थोबाड फोडीन’ असं रोज सापडलं होतं. त्याशिवाय एक वेगळीच गोष्ट. बायका मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. त्यांनी ‘की’ लिहिलं की फोन आपल्या अकलेनं ते सुधारून इंग्रजी ‘key’ करतो. ‘ये key’, ‘बस key’, ‘जेवलीस key’. यंत्रानं निष्कर्ष काढला, की पॅकिंगचे लोक वाक्यावाक्याला चावीबद्दल बोलतात, तेव्हा त्यांना मौल्यवान वस्तूंची काळजी लागून राहिलेली आहे.

यावर विनय सरांनी उपाय आधीच करून ठेवला होता. कुलूपवाल्याला बोलावून पॅकिंगच्या कपाटांच्या जास्तीच्या चाव्या करून घेतल्या आणि प्रत्येकीला एकेक वाटली. रजियाआपांनी ती उलटसुलट करून बघितली. "ये क्या है? कुलूप कुटं हाय ह्याचं?" कपाटं तर वर्षानुवर्षं उघडीच असतात.

इथवर सगळे हसत होते. मग पडद्यावर शेवटचं पान आलं. पॅकिंगची टोळी एक तारखेपासून फोडायची, एकेकीला वेगळ्या खात्यात टाकायचं, आणि टोळीच्या मुख्य रजियाआपा यांना रस्त्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये एकटीला नोंदी ठेवायला बसवायचं. शिलाईला सौजन्याचा चषक. जाधवांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

रजियाआपा वीस वर्षं पॅकिंगमध्ये आहेत. तोंड फाटकं, पण त्यांच्या हाताखाली लागलेली बाई कधी सोडून गेलेली मला माहीत नाही. कुणाचं पोर आजारी असलं की तिचा गठ्ठा दुसऱ्या दोघी बांधतात, आणि मग तिला आठवडाभर शिव्या घालतात. त्यांना त्या बायकांतून उचलायचं म्हणजे काय होणार ते मला दिसत होतं, आणि ऑर्डर टाइप करायला माझ्याच टेबलावर आली होती. मी ती टाइप केली. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी आपा गेटवर आल्या तेव्हा मी अण्णांच्या खोलीत होते.

"अण्णा, मला गोडावनात टाकायलेत. तितं कुणाशी बोलू मी? कबुतरांशी?"

"मी बोलतो मालकांशी."

"नक्को. ठीक आहे. जाते मी."

अण्णांचा अंगठा बटणावरच थांबला. वीस वर्षांत त्या बाईनं ‘जाते की’शिवाय गेट ओलांडलं नव्हतं. "गळाली," अण्णा म्हणाले. लाल पेन काढलंच नाही. रजिस्टर काखेत मारलं आणि मालकांच्या केबिनकडे चालू लागले. मी मागोमाग.

आत विनय सर आणि ईशा मॅडम होत्या. अण्णांनी विचारल्याशिवाय खुर्ची ओढली. हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदा घडत असावं, कारण खुर्चीही जरा दचकून वाजली.

"मॅडम, तुमचं यंत्र शब्द मोजतं. मी शेपूट मोजतो." त्यांनी रजिस्टर टेबलावर पसरलं. "हे पॅकिंग. दीड वर्ष, निळा आणि हिरवा. ही शिलाई. तीन आठवडे झाले, लाल."

विनय सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अण्णा, आत्ता हे नको." पण ईशा मॅडम रजिस्टरावर वाकल्या होत्या. "थांबा ना, सर. काय मोजलंय हे?"

अण्णांनी सांगितलं. मुकादमापासून सुरुवात केली, मोडनिंबचे पोहे, लाडू, सगळं. मॅडम हसता हसता एकदम थांबल्या आणि लॅपटॉपकडे बघत राहिल्या. "अरे देवा. म्हणजे ही चावी नाहीच?"

विनय सरांच्या टेबलावर उरलेल्या चाव्यांचा जुडगा होता. त्यांनी तो हळूच खणात टाकला.

"पॅकिंगचं एक वाचून दाखवा," अण्णा म्हणाले.

मॅडमनी वाचलं. "‘मेलीस का गं भवाने, तुझ्यासाठी वांगं ठेवलंय डब्यात, ये key.’ यंत्रानं याला धमकी म्हटलंय. आणि चावीची तक्रार."

"आता शिलाईचं."

"‘ओके सर.’ ‘हो सर.’ ‘धन्यवाद सर.’" त्या खाली खाली सरकवत गेल्या. "पुढं सगळं हेच आहे."

"माणूस सांगोल्याचा असो नाहीतर अक्कलकोटचा," अण्णा म्हणाले, "घरात तेलुगु बोलू दे, उर्दू बोलू दे, कानडी बोलू दे. इथली बाई तीन आठवडे ‘की’शिवाय बोलत असेल तर ती भ्यालेली आहे."

"हे तुमचं मत झालं," विनय सर म्हणाले.

"मग खाली चला."

शिलाईला अजून सुट्टी झाली नव्हती. आत शिरल्यावर नुसता मशीनचा आवाज. एकही मान वर नाही. अण्णा सुवर्णापाशी गेले. ती सांगोल्याकडची, एरवी बोलायला लागली की टाकेही मोठे पडतात तिचे. अण्णांनी विचारलं, "आज भाजी काय?"

तिनं आधी जाधवांकडे बघितलं. विनय सरांनीही ते बघितलं, आणि जाधवांना चहा सांगायला बाहेर पाठवलं.

"न्हाय आणली," सुवर्णा म्हणाली.

"का?"

"खायाला बसलं की मिंटं लिवत्यात. बाथरूमला गेलं तरी लिवत्यात. तितं लावलंय बघा." खांबामागं कागद चिकटवलेला होता. नावं, आणि नावापुढे मिनिटं. तिनं पिशवीतून चारघडी कागद काढला. राजीनामा. एक तारखेचा. मग शेजारचीनं काढला, मग तिच्या पलीकडचीनं. नऊ जणींच्या डब्याच्या पिशवीत नऊ कागद होते, आणि एचआर म्हणून माझ्याकडे त्यांतला एकही आलेला नव्हता. मला अतिशय लाज वाटली.

ईशा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या यंत्राच्या मते हे सगळ्यात सुखी खातं आहे."

विनय सरांनी खांबावरचा कागद स्वतः फाडला. जाधवांना मागाच्या भांडारात पाठवलं, तिथं मोजायला भरपूर बॉबिनी आहेत. रजियाआपांची ऑर्डर मी माझ्या हातानं फाडली, आणि टाइप करताना लागला होता त्यापेक्षा फार कमी वेळ लागला. सौजन्याचा चषक सध्या पॅकिंगमध्ये आहे. त्यात चहाची साखर ठेवतात.

मॅडम आणखी दोन दिवस राहिल्या, गेटवर अण्णांशेजारी स्टूल टाकून. यंत्राला शिकवायचं तर आधी स्वतः शिकायला हवं, म्हणाल्या. अण्णांनी त्यांना सांगून ठेवलं, "तुमच्या पुण्यात ‘ना’ मोजावं लागेल." निघायच्या दिवशी त्या सहज विचारल्यासारखं बोलल्या, "अण्णा, मी दोन दिवस ऐकतेय. दुसऱ्यांची ‘की’ बोलून दाखवता तेवढीच. तुमची स्वतःची एकदाही आली नाही. तुमचा आकडा किती? सांगा की."

पुण्याच्या मुलीच्या तोंडून ‘की’ आली, आणि अण्णांनी बटण दाबलं नाही. "माझी जेवायची वेळ झाली," म्हणाले, आणि मोपेडला किक मारून गेले. रोज दुपारी ते घरी जेवायला जातात. आम्ही म्हणायचो, अण्णांना गरम भाकरीचा शौक.

अण्णा स्वतः ‘की’ लावत नाहीत, हे इतके दिवस समोर बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागावरच्या एका जुन्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "आधी लई म्हणायचे की. आताशा न्हाय." रजिस्टर टेबलावरच राहिलं होतं. मी पहिलं पान उघडलं. सिद्धान्त जुना, पण रोज मोजणं आणि रजिस्टर दीड वर्षापूर्वी सुरू झालेलं. अण्णांनी आठ दिवसांची रजा घेतली होती, ती संपवून परत आले त्याच दिवसापासून. त्या रजेच्या अर्जावर सही माझी होती. कारण लिहिलं होतं ‘घरगुती’, आणि मी पुढे काही विचारलं नव्हतं.

रजिस्टर द्यायचं निमित्त करून मी दुपारी त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. आतून रजियाआपांचा आवाज येत होता. "‘अय मुडद्या, टेप आण की!’" मी चकित. मग माझाच आवाज: "‘अण्णा, सही राहिली की तुमची!’" उंबऱ्यातून बघितलं तर आत अण्णा एकटेच बोलत होते. समोर खुर्चीत त्यांची बायको, मालनवहिनी, उजवा हात मांडीवर निपचित, गळ्याशी रुमाल. अण्णा वरणभाताचा घास देत होते आणि घासाघासाला कारखाना वाचून दाखवत होते. रजियाच्या जागी हातवारे, वॉचमनच्या जागी खोकला. वहिनींचे डोळे त्यांच्या तोंडावरून हलत नव्हते.

मला बघून ते दचकले नाहीत. "अर्धांगाचा झटका आला," म्हणाले. "वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, कानावर बोलणं पडत राहू द्या, बारके शब्द आधी परत येतात. घरात मी एकटा. मी बोलून बोलून किती बोलणार? म्हणून तिकडची ‘की’ घेऊन येतो."

मी रजिस्टरातल्या त्या अरुंद रकान्यावर बोट ठेवलं.

"हे घर," अण्णा म्हणाले.

"आणि तुमची स्वतःची?"

"ती हिनं दिली मला. हिचीच बंद आहे. मी कशी वापरू?"

मी एवढंच म्हणाले, "अण्णा, आज भाजी काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "दोडका," म्हणाले. "निवडायला लागत नाही."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी मी ते राहू देण्याचा प्रयत्नही केला नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला पॅकिंगच्या सगळ्या जणी, सुवर्णा आणि मी, डबे घेऊन अण्णांच्या दारात. रजियाआपांनी उंबऱ्यावरूनच तोंड सोडलं. "दीड वर्ष सांगितलं नै तुमी! आमी काय मेलो हुतो? जगाची भाजी इचारता आन् सवताची लपिवता?" अण्णा खाली मान घालून ऐकत होते.

मग ते घर भरलं. एकीनं वहिनींची वेणी घालायला घेतली, दुसरीनं तिला वेणी वाकडी घातली म्हणून शिव्या दिल्या. शेंगाची चटणी, भाकरी, भरलं वांगं. ‘सरक की’, ‘वाढ की’, ‘पुरे की गं’. अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते आणि त्यांचा अंगठा त्या वेगाला पुरत नव्हता. सगळ्यांना ताटं मिळाली. अण्णांना कुणी वाढलंच नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

वहिनींच्या आलं. त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं ताट अण्णांच्या दिशेनं वीतभर सरकवलं. ओठ हलले. जाड, अडखळता आवाज निघाला, "घ्या."

रजियाआपांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वहिनी थांबल्या. ओठ पुन्हा जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"...की."

अण्णांनी ताटाकडे बघितलं. भाकरी, चटणी, वांगं. असं निरखून बघत राहिले, जणू अजून काहीतरी वाढायचं राहिलं आहे. आणि मालनवहिनी हसल्या. निम्म्याच चेहऱ्यानं, पण मोठ्यानं.

"अण्णा," रजियाआपा डोळे पुसत ओरडल्या, "बटण दाबा की!"

"दाबतो की," अण्णा म्हणाले, आणि बोटातलं मशीन काढून ठेवून ताटाशी बसले.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर बघितलं. शेवटच्या रकान्याला आता नाव होतं, ‘घर’, आणि त्याखाली हिरव्या पेनानं एक लिहिलं होतं. एकच. अण्णांनी स्वतःची धरलीच नव्हती. म्हणून ती मी इथं लिहून ठेवली आहे.